आक्काचा राहिलेला पेपर

पडायचं कसं, हे मला यमुनाक्कानं शिकवलं. चालायला आईनं शिकवलं होतं, तेही चार वर्षं उशिरा. पण पडण्याचंही एक शिक्षण असतं आणि ते देणारं माणूस जगात असतं, हे मला बेळगावच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात कळलं.

साल शहात्तर. मी निपाणीहून बी.ए.ला आले होते. आई विड्या वळायची, बाप तंबाखूच्या वखारीत हमाली करायचा. आमच्या वस्तीतनं कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मी, आणि तीच नेमकी लंगडी. डावा पाय पोलिओनं गेलेला. कॉलेजच्या दगडी पायऱ्या ओल्या होत्या, हातात चार पुस्तकं होती, आणि मी तिसऱ्या पायरीवरून खाली आले. दोन-तीन पोरं उचलायला धावली, बाकीची हसली. एवढ्यात बाजूच्या चिंचेखालून आवाज आला, "हात लावू नका तिला!"

कट्ट्यावर एक बाई बसली होती. वय पंचविशीचं, दोन्ही पायांना लोखंडी पट्ट्या, शेजारी दोन कुबड्या, खांद्याला कापडी पिशवी. विद्यार्थिनी वाटावी असं वय नव्हतं, आणि प्राध्यापक वाटावी असा रुबाब नव्हता.

"उठू नको लगेच. आदी बघ, कशी पडलीस ती," ती म्हणाली. "पुस्तकं छातीशी धरलीस आणि गुडघा पुढं दिलास. चांगला गुडघा आपल्याकडं एकच असतोय बाई. पुस्तकं सोडायची, हात मोकळे ठेवायचे आणि ढुंगणावर पडायचं. तिथं देवानं सगळ्यांना सारखं दिलंय."

मी रडत होते आणि हसू येत होतं. दुसऱ्या दिवशी तिनं मला त्या चिंचेखालच्या मातीत वीस वेळा पाडलं. खरोखर पाडलं, कुबडीनं माझा पाय ओढायची आणि म्हणायची, "परत." एकविसाव्यांदा मी पडले आणि पुस्तकं सोडली. त्यावर ती म्हणाली, "आता ॲडमिशन झाली तुझी."

ती बेळगावातल्याच वडगावच्या विणकराची मुलगी. घरी हातमाग होता, वडील साड्या विणायचे. पाय चालत नव्हते म्हणून लहानपणापासून तिला मागाशेजारी बसवून कांड्या भरायला लावलेलं. कांडी म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात घालायची सुताची लहान नळी. त्या कामानं तिची बोटं अशी काही तयार झाली होती की बोलताना, ऐकताना, रागावताना ती पदराचं टोक घेऊन पीळ देत असायची. दहा वर्षांची झाल्यावर एका मास्तरांनी तिला पाठीवर घालून शाळेत नेलं. त्यामुळे ती प्रत्येक वर्गात सगळ्यांपेक्षा मोठी, आणि म्हणून सगळ्यांची आक्का.

जूनमध्ये ती प्रवेशाच्या रांगेशेजारी बसायची आणि चालीवरून माणूस हेरायची. खानापूरकडचा गोविंद तिनं असाच पकडला. तो जन्मांध. अंधशाळेत टिपक्यांची लिपी शिकून आला होता, पण कॉलेजची पुस्तकं त्या लिपीत कुठली असणार? तो वर्गात बसून नुसतं ऐकायचा आणि परीक्षेला काय करायचं या काळजीनं वाळत चालला होता. आमच्या निपाणी भागातला हणमंत एक वर्षानं आला. त्याचा उजवा हात गुऱ्हाळाच्या चरकात गेलेला, डाव्या हातानं जेमतेम नाव लिहायचा. प्रत्येकाला आक्कानं एकच प्रश्न विचारला: "तुला काय येतंय?" काय येत नाही ते कुणालाही दिसत होतं, तिला त्यात रस नव्हता.

मग कामं वाटली गेली. हणमंताला पाय होते, तो वरच्या मजल्यावरच्या लायब्ररीतून पुस्तकं आणायचा. मला डोळे होते, मी मोठ्यानं वाचायचे. गोविंदाला एकदा ऐकलेलं विसरायची विद्याच येत नव्हती. पंधरा दिवसांनी तो तेच पान आम्हाला म्हणून दाखवायचा, ती आमची उजळणी. आणि लिहायचं काम आक्काचं. अक्षर मोत्यासारखं, आणि वेग असा की बोलणारा दमायचा. टिपणं तीच लिहायची, अर्ज तीच लिहायची, परीक्षेत लेखनिक म्हणून गोविंदाशेजारी तीच बसायची. "घेतलं की द्यायचं, फुकट बसायचं न्हाय," एवढाच आमच्या मंडळाचा कायदा.

पोरं आम्हाला शंकराची वरात म्हणायची. आम्ही चिंचेखालून उठून फाटकाकडे निघालो की कुणीतरी शिट्टी घालायचं, "निघाली रं वरात!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आक्का थांबून मागं वळायची. "निघाली की. पार्वती मी हाय. तुझ्यासारखा नंदी पायजेच हुता, चल." पोरं पांगायची. मात्र फाटकाबाहेर आल्यावर तिचा चेहरा मी पाहिलेला आहे. ती हसत नसायची.

तिची एक सवय सगळ्या ऑफिसला माहीत होती. कुणी नाही म्हटलं की ती पिशवीतून कोरा कागद काढून पुढं सरकवायची. "तोंडानं नको साहेब, कागदावर द्या." अर्ज मराठीत दिला तर कारकून म्हणायचा, कन्नडमध्ये आणा. आक्का तिथल्या तिथं कन्नडमध्ये लिहायची, त्याच्यापेक्षा चांगल्या कन्नडमध्ये. एकदा आमचा परीक्षेचा हॉल तिसऱ्या मजल्यावर आला. अर्ज दिला, उत्तर नाही. परीक्षेच्या पहिल्या दिवशी आक्का जिन्याच्या पहिल्या पायरीवर आडवे पाय टाकून बसली. पट्ट्या लावलेले पाय. ओलांडल्याशिवाय कुणाला वर जाता येईना. प्राचार्य आले. म्हणाले, "यमुना, हे काय?"

"काय न्हाय सर. मी हितनंच पेपर लिहिते. तुमी वर जावा."

"कसा जाणार मी?"

"त्येच म्हणते मी, सर. कसं जानार?"

दहा मिनिटांत खालची खोली उघडली गेली. असे आमचे विजय. सांगताना मजा वाटते, पण एका खोलीसाठी, एका बाकड्यासाठी इतकं नाक घासावं लागणं यात मजा काहीच नव्हती. प्रत्येक वर्षी नव्यानं घासावं लागे, कारण गेल्या वर्षीचा कागद ऑफिसात कधीच सापडत नसे.

तिच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हाचं एक सांगते. दारात मला बघून तिच्या आईनं विचारलं, "कुनाची गं ही? कुनातली?" आमच्या भागात या प्रश्नाचा अर्थ मला जन्मापासून माहीत होता. मी उंबऱ्याबाहेरच थांबले. आक्का कुबड्या भिंतीला लावत म्हणाली, "आमच्यातली हाय आई. पाय बघ की तिचा. पानी आन." म्हातारी क्षणभर माझ्या पायाकडे पाहत राहिली आणि आत जाऊन तांब्या घेऊन आली. त्याच तांब्यातून आक्का प्यायली, मग मी. पुढं त्या घरात मी शेकडो वेळा जेवले.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

अंध किंवा हातानं लिहिता न येणाऱ्या विद्यार्थ्यानं उत्तर सांगायचं आणि लेखनिकानं लिहायचं, ही मुभा विद्यापीठानं दिली होती. त्यात एक अट होती: लेखनिक पदवीधर असता कामा नये. पदवीधर माणूस स्वतःच्या डोक्यातलं लिहील ही भीती. अट वाईट नव्हती, आम्हालाही ती वाईट वाटली नव्हती.

आक्का सत्याहत्तरला शेवटच्या वर्षाला बसली. सगळे पेपर दिले, राज्यशास्त्राचा एक सोडून. त्या दिवशी ताप आला म्हणाली. मला ते खरं वाटलं. विषय अवघड जातो म्हणून घाबरली असेल, असं कॉलेजात बोलत होते. एक पेपर राहिला म्हणजे पदवी राहिली, आणि पदवी राहिली म्हणजे ती लेखनिक राहू शकत होती. पुढच्या वर्षी गोविंदाचं शेवटचं वर्ष होतं. हे गणित मला कळायला फार वेळ लागला, आणि तिनं ते कधी तोंडानं सांगितलं नाही.

अठ्ठ्याहत्तरला गोविंदाच्या इतिहासाच्या पेपरात साल्बाईच्या तहावर मोठा प्रश्न आला. आक्कानं दोनदा वाचून दाखवला. पण आदल्या दिवसापासून गोविंदाच्या डोक्यात वसईचा तह बसला होता, तो बसलाच. तो सुरू झाला, आणि दुसऱ्या वाक्यात आक्काला कळलं की हा वसई सांगतोय. तिचा हात थांबला.

"लिवलंस?" गोविंदानं विचारलं.

नुसतं "प्रश्न परत वाचू का?" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पर्यवेक्षक लांब होता. आक्कानं मान खाली घातली आणि वसईचा अख्खा तह सुंदर अक्षरात लिहून काढला. गोविंद थोड्या गुणांनी त्या विषयात गेला.

बाहेर आल्यावर तिनंच त्याला सांगितलं. गोविंद ओरडला, "मग तू बोलली का न्हाईस आक्का? तुला कळत हुतं की!"

"बोलले असते तर पेपर तुझा ऱ्हायला नसता रं. माझा झाला असता."

"ऱ्हाऊदे की! मला पास व्हायचं हुतं, मला इमानाचं काय लोणचं घालायचंय?"

तो आठ दिवस चिंचेखाली आला नाही. मला त्या वेळी गोविंदाचं पटलं होतं आणि आजही निम्मं पटतं. कुणाचं वर्ष बुडत असताना गप्प बसायला काळीज दगडाचं लागतं, असं मी तिला तोंडावर म्हटलं. मग पुढच्या परीक्षेचा तिचा राज्यशास्त्राचा पेपर पुन्हा राहिला, कारण गोविंद पुन्हा बसणार होता. त्याचं वर्ष तिनं बुडवलं असं तिनं मनाशी धरलं होतं, आणि ते ती स्वतःच्या वर्षानं भरून देत होती.

एकोणऐंशीला गोविंद पास झाला. मीही झाले. निकालाच्या दिवशी आक्कानं आम्हाला कुंदा खायला घातला आणि हणमंताच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "पुढच्या साली ह्यो." तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी तिला बाजूला घेतलं.

"आक्का, तू मुद्दाम पेपर सोडतीस."

"हळू बोल."

"हणमंतासाठी आनखी एक वरीस घालवनार? तुझं वय काय झालं?"

त्या वयावर सगळं अडलं होतं. अपंगांसाठी राखीव असलेली कारकुनाची जागा सरकारी ऑफिसात निघत असे. पदवी हवी, आणि वय ठरल्या मर्यादेच्या आत हवं. घरची परिस्थिती आम्ही पाहत होतो. वडील वारले होते. हातमागाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. भाऊ तुकाराम पॉवरलूमवर दुसऱ्याकडे कामाला जात होता आणि घर मोडून इचलकरंजीला जायचं म्हणत होता. पॉवरलूमला कांड्या भरायला आक्काची बोटं नको होती, तिथं यंत्र होतं. तुकाराम वाईट माणूस नव्हता. तो सरळ म्हणायचा, "नोकरी लागली तर आक्का, तू हितंच ऱ्हा, सोताच्या पायावर. न्हायतर माझ्या दोन खोल्यांत तुला कुठं ठेवू, तूच सांग." जिन्यावरच्या त्या इचलकरंजीच्या खोल्या तिनं एकदा पाहिल्या होत्या. तिथं गेलं की ती पुन्हा खाली उतरणार नाही, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

"एक्क्याऐंशीची परीक्षा मला वयात बसतीया," आक्का म्हणाली. "मोजलंय मी. हणमंताचा पेपर लिवते, मग माझा देते. एकच तर पेपर हाय सुमे, कुठं पळून जातोय?"

"पेपर न्हाय पळत. वय पळतंय."

"तू लई शानी झालीस बी.ए. होऊन," ती हसून म्हणाली आणि विषय संपवला.

आमची चूक तिथं झाली, आणि ती फक्त आमच्यासारख्यांनाच सुचावी अशी होती. आम्ही एकमेकांना वाचायला शिकवलं, पडायला शिकवलं, अर्ज करायला शिकवलं; लिहायला मात्र दुसरं कुणी तयार केलं नाही. आक्का आहे म्हटल्यावर दुसरा लेखनिक कशाला? विचारही कुणाच्या मनाला शिवला नाही. आणि ज्यांना शिकवता आलं असतं ते आम्ही एकेक करून पदवी घेऊन बाहेर पडत होतो.

ऐंशीला हणमंत पास झाला. त्याला सोसायटीत कारकुनी मिळाली, गोविंदाला खानापूरला टेलिफोनवर बसवलं, मी निपाणीत शाळेवर लागले. आक्कानं एक्क्याऐंशीचा फॉर्म भरला आणि मला कार्ड पाठवलं: "आता माझी पाळी. पेढे तयार ठेव."

परीक्षेला महिना असताना दुसरं कार्ड आलं. अक्षर वेडंवाकडं होतं; मला वाटलं, तुकारामानं लिहिलंय. आक्कानंच लिहिलं होतं, डाव्या हातानं.

मी रविवारी वडगावला गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. उजवं मनगट मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखं खाली पडलेलं. कुबडीचा दाब काखेत बसून बसून नस दबली, असं डॉक्टर म्हणाले होते. काही महिने कुबडी लावू नका, हात हळूहळू येईल. तिच्या कुबड्या तिच्या मापाच्या कधी नव्हत्याच. शेजारच्या सुतारानं कधीतरी करून दिलेल्या, दोन बोटं उंच. आम्हा प्रत्येकाची कुबडी, काठी, बूट तिनं मापून घेतलं होतं. स्वतःच्या कुबडीवर चिंध्या गुंडाळून दहा वर्षं काढली.

"पुढच्या साली परत बसता येतंय की," मी उगाच म्हटलं.

"तवर वय जातंय," ती म्हणाली. मग पहिल्यांदाच मी तिला रडताना पाहिलं. मोठ्यानं नाही. तोंड भिंतीकडे करून. "सुमे, म्या लई हुशारी केली गं. आदीच दिला असता तर."

तुझ्यामुळं आम्ही उभे राहिलो, असं काहीतरी मी बोलत राहिले. तिला त्याचा काय उपयोग होता? तिला त्या घटकेला एक हात हवा होता, आणि आमच्यापैकी एकाचाही हात कायद्यात बसत नव्हता. ज्यांना तिनं पदवीधर केलं ते सगळे त्याच पदवीनं बाद झाले होते.

आम्ही हातपाय मारले. डॉक्टरांचा दाखला काढला. लेखनिकाची परवानगी मागितली. गल्लीत शोभा नावाची मुलगी होती, मॅट्रिक झालेली, तिला तयार केलं. आक्का तीन आठवडे रोज तिच्याकडून लिहून घ्यायची. शोभाचं अक्षर बरं होतं, वेग कमी होता. "चालतंय," आक्का म्हणायची, "चार प्रश्न लिवले तरी गंगेत घोडं न्हालं." परवानगी परीक्षेच्या दोन दिवस आधी हातात पडली.

पेपरच्या सकाळी मी निपाणीहून पहिल्या गाडीनं आले. गोविंद आणि हणमंत खानापूरहून एकत्र आले होते, हणमंत आदल्या दिवशीच त्याच्याकडे गेला होता. आक्का रिक्षातून उतरली. कुबड्या बंद असल्यामुळे तुकारामानं तिला उचलून व्हरांड्यात बाकावर ठेवलं. नवी साडी नेसली होती. आम्ही शोभाची वाट पाहत होतो. पहिली घंटा झाली. तुकाराम सायकल घेऊन तिच्या घरी गेला आणि एकटाच परत आला. मान खाली घालून उभा राहिला.

"काय म्हनाली?" आक्कानं विचारलं.

"दुपारी तिला बघाय पावनं येनार हायत. आई म्हनती, स्थळ ठरायच्या टायमाला असल्या बाईजवळ बसून आली म्हनून कुनी सांगितलं तर..."

मी पुढचा विचार केला नाही. सरळ आत गेले आणि वरिष्ठ पर्यवेक्षकांच्या टेबलाशी उभी राहून म्हणाले, "सर, यांची लेखनिक मी."

"शिक्षण?"

"मॅट्रिक."

त्यांनी चष्मा काढला. ते आमचेच प्राध्यापक होते. मी त्यांच्याच वर्गात तीन वर्षं बसले होते. "सुमन," ते हळूच म्हणाले, "तुला दुसऱ्या वर्गात पास झालेली बघून मीच टाळ्या वाजवल्या होत्या. मला असं कशाला करायला लावतेस?"

"सर, एकच पेपर हाय. बाहेर कुनाला कळनार न्हाय. सर, पाया पडते." आणि मी खरंच वाकले.

मागं दारातून आवाज आला. तुकाराम तिला उचलून आणत होता. "सुमे, ऊठ," आक्का म्हणाली. "खोटं बोलून लिवायचं असतं तर गोविंदाचा पेपर मीच बरोबर लिवला असता की." मग सरांकडे वळून, "सर, मला बाकावर बसूद्या. मी लिवते."

सरांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. दुसरी घंटा झाली आणि आम्हाला बाहेर काढलं.

व्हरांड्याच्या खिडकीतून ती मला दिसत होती. उजवा हात तिनं कागदावर वजनासारखा ठेवला होता आणि डाव्या मुठीत पेन धरून ती लिहीत होती. कोवळ्या पोरानं पाटीवर गिरवावं तसं एकेक अक्षर. गोविंद माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभा होता. दर थोड्या वेळानं विचारायचा, "किती झालं?" मी म्हणायचे, "लिहितीया." पहिल्या तासाला तिचं पहिलं पान भरलं नव्हतं. शेजारच्या मुली पुरवण्या मागत होत्या. दुसऱ्या तासाला तिचा घाम कागदावर पडला आणि तिनं तो खांद्यानं पुसला. तिसऱ्या तासाला मी खिडकीतून बघणं सोडून दिलं. मला तिचा राग आला होता. तिच्या इमानाचा, त्या शोभाच्या आईचा, सरांचा, माझ्या नावापुढच्या त्या दोन अक्षरांचा. सगळ्यांचा.

घंटा झाली. उत्तरपत्रिका गोळा झाल्या. मुलं बडबडत निघून गेली. तुकाराम रिक्षा आणायला गेला, आणि आम्ही तिला खालच्या पायरीवर बसवलं.

"किती, आक्का?" गोविंदानं विचारलं.

"दीड प्रश्न."

पाचांपैकी दीड.

"बाकीचे येत नव्हते?" हणमंतानं विचारलं. कशाला विचारलं कोण जाणे.

"येत हुते की. सगळे येत हुते."

मग गोविंद तिच्या पायाशी खाली बसला आणि म्हणाला, "मग सांग की."

आक्कानं त्याच्याकडे पाहिलं. प्रश्नपत्रिका मांडीवर घेतली आणि सुरुवात केली. आणि ती सांगू लागली ती गोविंद तिला सांगायचा तशी, लिहिणाऱ्याला सवड देत, तुकडे पाडून: "प्रश्न तिसरा. कल्याणकारी राज्याची कर्तव्ये. नवी ओळ. कल्याणकारी राज्य म्हणजे, स्वल्पविराम, ज्या राज्यात दुर्बळ नागरिकाच्या जगण्याची जबाबदारी, स्वल्पविराम, राज्य स्वतःकडे घेते..." स्वच्छ पुस्तकी मराठी. एक शब्द अडला नाही. तिसरा झाला, चौथा झाला, पाचवा झाला. शिपाई खोल्यांना कुलपं लावत आला आणि आमच्या मागं थांबला. आम्ही तिघं पदवीधर ऐकत बसलो होतो. माझ्या पिशवीत पेन होतं आणि मी त्याला हात लावला नाही.

ती थांबली तेव्हा गोविंद म्हणाला, "आक्का, ह्यो पहिल्या वर्गाचा पेपर हाय."

"व्हय," ती म्हणाली. "चला आता, तुमच्या गाड्या चुकतील."

रिक्षा आली. तुकारामानं तिला उचलून आत ठेवलं आणि शेजारी बसला. पुढच्या महिन्यात ते घर इचलकरंजीला गेलं. मी पाठवलेल्या दोन कार्डांना उत्तर आलं नाही; तिसरं मी पाठवलं नाही, याची लाज मला अजून आहे. म्हणून डोळ्यांपुढं आहे ती हीच आक्का. रिक्षा फाटकातून वळताना तिनं आमच्याकडे पाहून मान हलवली. तिचा उजवा हात बाहेर लोंबत होता. तिला ते कळलं नव्हतं. तुकारामानं तो उचलून आत घेतला आणि तिच्या मांडीवर ठेवला.